आधी ती दोन वर्षांची अट काढा

जळगावहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला, बी.एस्सी.ला ६४ टक्के. तिला डायमंड-लाइक कार्बनच्या, म्हणजे डीएलसीच्या पातळ थरांवर पीएच.डी. करायची आहे. वडील विचारतात, हिऱ्यांच्या धंद्यात पैसा आहे, तर पीएच.डी.ऐवजी सुरतेत लवकर नोकरी लागेल असा कोर्स कोणता? दोन वर्षांत काही जमलं नाही तर स्थळं बघायला घेणार, असंही त्यांनी कळवलं आहे.

नमस्कार. ६४ टक्क्यांची काळजी सोडा. मला खटकली ती तुमची अट. एम.एस्सी.चंच दीड वर्ष बाकी आहे, म्हणजे तिच्या हाती उरले सहा महिने. पीएच.डी.ला पाच वर्षं सहज लागतात. तेव्हा ही मुदत म्हणजे नकारच आहे, आणि नकार द्यायचा तर तो तिला समोर बसवून स्पष्ट द्या. डोक्यावर टांगती तलवार ठेवून अभ्यास होत नाही. पत्रभर ‘आम्ही ठरवलं’ आहे. तिला हा विषय का हवा, याची एक ओळ नाही. मुलगा असता तर हीच अट घातली असती का?

पैशाचं म्हणाल, तर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि नियमाप्रमाणे घरभाडं. घरावर तिचा भार पडणार नाही.

आता सुरतेबद्दल. तिथे प्रयोगशाळेत हिरा वाढवतात तो हिऱ्याच्याच पातळ चकतीवर, हायड्रोजन आणि थोडा मिथेन सोडून, साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसला. तो खरा स्फटिक असतो. डीएलसीत स्फटिक नसतोच. कार्बनचे काही अणू हिऱ्यातल्यासारखे, काही ग्राफाइटमधल्यासारखे, अस्ताव्यस्त जोडलेले असतात. बऱ्याच प्रकारांत हायड्रोजनही असतो. थर बहुधा काळपट, जाडी एक-दोन मायक्रॉन, हार्ड डिस्कवर तर २-३ नॅनोमीटर. तो अंगठीत बसत नाही. इंजिनाच्या टॅपेटवर, पिस्टन पिनवर, डिझेल इंजेक्टरच्या भागांवर झीज कमी करायला तो देतात. त्यामुळे नोकऱ्या बघायच्या त्या सुरतेत नव्हे, भोसरी-चाकणकडच्या कोटिंग कंपन्यांत.

रोजचं काम कसं असतं तेही ऐका. पोलादाचा तुकडा आरशासारखा घासायचा, ॲसिटोनमध्ये आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिकने धुवायचा. थर द्यायचा चेंबर पंपाने हवा काढून १०⁻⁵ मिलिबारपर्यंत ओढायचा. ओ-रिंगवर, म्हणजे हवाबंद ठेवणाऱ्या रबरी कड्यावर, एक केस राहिला तर गळती शोधण्यात दिवस जातो. अर्गॉन प्लाझ्माने पृष्ठभाग साफ करून आधी क्रोमियमचा किंवा सिलिकॉनचा थर द्यायचा, मग ॲसिटिलीन सोडायचा. एवढं करून संध्याकाळी चकचकीत दिसलेला थर सकाळी नागमोडी फुगवटे येऊन सुटलेला असतो. आयन जोरात आत घुसल्याने थरात काही गिगापास्कलचा दाब साठतो. जाडी वाढेल तशी साठलेली ऊर्जा वाढते आणि पकड कमी पडली की थर उचलला जातो. थर पातळ ठेवा, बायस, म्हणजे तुकड्याला दिलेला विद्युतदाब, उतरवा, मधला थर बदला, हेच महिनोन्‌महिने चालतं. मोजमापातही फसगत होते. रामन म्हणजे लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून बंध ओळखायची चाचणी; हिरव्या लेसरच्या रामनमध्ये मुख्यतः ग्राफाइटसारखे बंध दिसतात, त्यावरून हिऱ्यासारख्या बंधांची टक्केवारी थेट सांगता येत नाही. कठीणता मोजणाऱ्या नॅनोइंडेंटरची सुई थराच्या जाडीच्या एक दशांशापेक्षा खोल गेली, तर खालच्या पोलादाची कठीणता त्यात मिसळते.

हे वाचून तिचा उत्साह टिकला तर तिला अडवू नका. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत, हे मी लपवत नाही. पण व्हॅक्यूम, प्लाझ्मा आणि रामन हाताखालून गेलेला माणूस ऑप्टिकल कोटिंगमध्ये आणि सेमीकंडक्टरमध्येही चालतो.

नेट, गेट, जेस्ट या परीक्षा तिला ठाऊक असतीलच. कोर्स मी सुचवत नाही. त्याऐवजी या उन्हाळ्यात दोन महिने तिला थर बनवणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत पाठवा. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे, नाहीतर थेट प्राध्यापकांना लिहायचं. मेल तिने स्वतः लिहावा, दहा ओळींत: त्यांचा कोणता पेपर वाचला, त्यात काय कळलं नाही, कोणतं उपकरण हाताळलं आहे आणि कोणत्या तारखांना येता येईल. गुणपत्रिका सोबत जोडावी. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करावी, मग पुढच्या प्रयोगशाळेला लिहावं.