सहा अँटेना, तरी सांधीत नेट नाही

वरूडकडच्या एका बागायतदारांचा प्रश्न : घर जुनं, मातीच्या भिंतींचं. राउटर छपरीत आहे, मागच्या सांधीत नेट पोचत नाही. दुकानदार सहा अँटेनाचा साडेतीन हजारांचा घ्या म्हणतो. घेऊ का?

थांबा, पैसे खिशातच राहू द्या. वायफायच्या ताकदीला सरकारी कमाल मर्यादा आहे, अँटेना वाढवून ती ओलांडता येत नाही. शिवाय राउटरचा आवाज फोनला ऐकू गेला तरी फोनचा बारीक आवाज राउटरपर्यंत परत यावा लागतो. दीड हात जाडीच्या भिंतीत खरी अडचण तीच.

आधी राउटर छपरीतून काढून माजघरात, डोक्याच्या वर उंचीवर लावा. लोखंडी कपाटामागे नको, कूलरजवळ तर नकोच. आमच्याकडे तो कूलरच्या खिडकीला लागून होता. चैत्रात टाकी भरली की पलीकडच्या खोलीत नेट रांगायचं. टिन अन् पाणी, दोन्ही लहरींचे वैरी. दोन महिने मी कंपनीलाच शिव्या देत बसलो होतो!

राउटरची दोन नावं दिसत असतील तर फोनवर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींचं नाव निवडा. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान असतं, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतं. एवढं करूनही भागलं नाही तर दीड-दोन हजारांचा ड्युअल बँड (२.४ अन् ५ दोन्ही देणारा) राउटर पुरे. नेटचा प्लॅन १०० एमबीपीएस वेगाच्या वर असेल तरच गिगाबिट पोर्ट (केबल लावायची वेगवान खाच) बघा.

घरापासून साठ मीटरवर कोठा आहे, तिथं कॅमेरा लावायचा. एक्स्टेंडर चालेल? (दारव्हा)

मधे झाडं असतील तर भरवसा नाही, आणि साधा एक्स्टेंडर (वायफाय पकडून पुढे फेकणारा डबा) वेग जवळपास अर्ध्यावर आणतो. त्यापेक्षा बाहेर टिकणारी कॅट ६ जातीची नेटची केबल पाइपातून न्या. १०० मीटरपर्यंत ती बिनघोर चालते. घेताना निखळ तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको. कोठ्यात जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (केबलमधल्या नेटचं वायफाय करणारा डबा) करून जोडा. बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त २.४ वरच चालतात, हेही ध्यानात असू द्या.

एक मात्र पाळा : मृगात ढग गडगडायला लागण्याआधी केबल दोन्ही टोकांना काढून ठेवा. वीज वावरात पडली तरी तांब्याच्या तारेतून घरातला राउटर जळू शकतो.

लाइट गेली की नेट जातं. इन्व्हर्टर घ्यावा लागेल का? (मूल)

नाही. राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, मिळतो. अॅडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, आणि किती अँपिअर, ते वाचून घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, विसरू नका.

टिनाखाली टांगलेला राउटर मे महिन्यात दुपारी आपोआप बंद पडतो. बिघडला का? (अकोला जिल्हा)

बहुधा तापला. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि तुमचा टिनाखाली टांगलेला आहे. खाली आणा, वर कापड टाकू नका.