पालकांचे प्रश्न: परीक्षा लहान मुलांची, काळजी घरभर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे प्राथमिक वर्गांतील परीक्षांविषयी आहेत. त्यांतील तीन प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या उत्तराला जागा अधिक दिली आहे, कारण त्यात मांडलेली अडचण इतर अनेक पत्रांतही डोकावते.

प्रश्न: माझा मुलगा चौथीत आहे. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी शाळेतील जादा तास, संध्याकाळी खासगी क्लास आणि रविवारी सराव परीक्षा असा क्रम जूनपासून सुरू आहे. सुरुवातीला बुद्धिमत्तेची कोडी तो आवडीने सोडवायचा. आता सरावसंच समोर ठेवला की रडकुंडीला येतो आणि चुकलेली उत्तरे खोडून माझ्यापासून लपवतो. क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर रविवारी सगळ्या मुलांचे गुण येतात. तयारी बंदच करावी का?
— एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकली ती उत्तरे लपवण्याची गोष्ट. नऊ वर्षांचे मूल चूक लपवू लागते तेव्हा चूक सापडल्यावर आपल्याला काहीतरी सोसावे लागते, एवढे त्याच्या लक्षात आलेले असते. मग ते सोसणे म्हणजे ओरडा असो, आईचा उतरलेला चेहरा असो किंवा ग्रुपवर सर्वांनी पाहिलेला आकडा असो. अशा मनःस्थितीत केलेला सराव जवळजवळ वाया जातो, कारण आपल्याला काय येत नाही ते कळावे यासाठीच सराव असतो. तयारी लगेच बंद करू नका. पण त्याची चूक सापडल्यावर घरात आणि क्लासमध्ये जे घडते ते मात्र याच आठवड्यापासून बदला.

त्याआधी ही परीक्षा आहे केवढी, ते नीट पाहू. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीत होत असे, मग ती पाचवी आणि आठवीत नेण्यात आली, आणि 2025 मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी आणि सातवीकडे आणण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे घरात, ओळखीत किंवा क्लासच्या कपाटात असलेले बरेचसे जुने सरावसंच पाचवीच्या मुलांसाठी काढलेले आहेत. तुमच्या मुलापुढे यांपैकी काही ठेवले जात असतील, तर न शिकवलेल्या भागावरचे प्रश्न चुकल्याबद्दल तो स्वतःला दोष देत असण्याची शक्यता आहे. कृपया हे आजच तपासा.

अलीकडच्या वर्षांत रूढ असलेल्या स्वरूपात दोन पेपर असतात: पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरला 75 प्रश्न, 150 गुण आणि 90 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 72 सेकंद मिळतात. पात्र ठरण्यासाठी प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के गुण लागतात. प्रत्यक्ष शिष्यवृत्ती मात्र ठरावीक संख्येतील मुलांनाच गुणवत्तेनुसार मिळते. परीक्षेला बसणे ऐच्छिक असते आणि पुढच्या वर्गात जाणे तिच्यावर अवलंबून नसते. ही माहिती मुलाला त्याच्या भाषेत, एकदा शांतपणे सांगा. शिष्यवृत्ती न मिळालेल्या मुलांमध्ये चांगली तयारी केलेली, पात्र ठरलेली कितीतरी मुले असतात, हे त्याला आईच्या तोंडून कळलेले बरे.

आता सरावाविषयी. दर रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवून घेण्याची प्रथा मला नऊ वर्षांच्या मुलांसाठी घातक वाटते. शेवटचे दीड-दोन महिने सोडले तर वीस-पंचवीस प्रश्न, तेही घड्याळाशिवाय, पुरेसे आहेत. उरलेला वेळ चुकांपाशी बसण्यात घालवावा. चुकलेला प्रश्न घेऊन ‘हे उत्तर निवडताना तू काय विचार केला होतास?’ असे विचारा, आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. बहुतेक वेळा कारण पुढे येते. कधी त्याने ‘खालीलपैकी कोणते विधान चूक आहे’ यातील ‘चूक’ हा शब्दच वाचलेला नसतो. कधी अपूर्णांकांची तुलना त्याला मुळातच समजलेली नसते, आणि मग आणखी दहा सरावसंच सोडवूनही ती समजणार नाही. तेथे पोळीचे तुकडे करून पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते. कधी उत्तर बरोबर असते, पण उत्तरपत्रिकेत गोळा शेजारच्या ओळीतला रंगवलेला असतो. या तिन्ही चुकांना ‘निष्काळजीपणा’ असे एकच नाव देणे हा मुलावर अन्याय आहे. समजलेला प्रश्न तीन-चार दिवसांनी थोडा बदलून पुन्हा द्या, कारण मध्ये खंड ठेवून स्वतः आठवून केलेले अधिक टिकते.

शाळेचा जादा तास आणि खासगी क्लास यांपैकी एक बंद करा. माझे मत विचाराल तर शाळेचा ठेवा, कारण तेथील शिक्षक त्याला वर्षभर ओळखतात. क्लास चालूच ठेवायचा असेल, तर गुण ग्रुपवर न टाकता प्रत्येक पालकाला स्वतंत्र कळवावेत, अशी संचालकांना लेखी विनंती करा. ते मानत नसतील, तर मुलाला तेथून काढताना मी दोनदा विचार करणार नाही.

झोपेबाबत तडजोड नको. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 9 ते 12 तास झोप लागते. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत, असे शासनाने 2024 मध्ये सांगितले. मग ती झोप रात्री साडेदहापर्यंतच्या सरावाने हिरावून घेण्यात काय अर्थ आहे? संध्याकाळचा तासभर खेळही त्याच्या दिवसात असलाच पाहिजे, मग तो सोसायटीच्या आवारात असो किंवा उपवनच्या तलावाकाठी.

एवढे करून महिनाभरात त्याची कोड्यांची आवड परत आली नाही, तर यंदा परीक्षा सोडून देण्यात कमीपणा मानू नका.

प्रश्न: आमची मुलगी तिसरीत आहे. घटक चाचणी असली की सकाळी तिचे पोट दुखते. गेल्या सहामाहीत तिला उलट्याही झाल्या. डॉक्टरांनी तपासले, दोष काही नाही. घरात काहींचे मत आहे की ती नाटक करते. एकदा आम्ही तिला घरी ठेवले, तर अर्ध्या तासात दुखणे थांबले. काय समजावे?
— एक वडील, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर: ती नाटक करत नाही. भीती वाटली की शरीर संकटाला तोंड देण्याची तयारी करते: हृदयाची गती वाढते, पचन मंदावते, पोटात मुरडा येतो, मळमळते. मोठ्या माणसाला ‘मला धास्ती वाटते आहे’ असे म्हणता येते. आठ वर्षांच्या मुलीला पोट दुखते एवढेच कळते. घरी राहिल्यावर दुखणे थांबते, कारण भीतीचे कारणच त्या दिवसापुरते दूर झालेले असते. म्हणूनच तिला वारंवार घरी ठेवणे टाळावे. आज मिळालेली सुटका पुढच्या चाचणीची भीती वाढवते.

चाचणीच्या आदल्या रात्री उजळणी जेवणापूर्वी संपवा. सकाळी तिला हलका नाश्ता द्या आणि त्या वेळी प्रश्नोत्तरे मुळीच नकोत. पोट दुखले तर ‘दुखते आहे हे मला कळते, थोड्या वेळाने कमी होईल, आपण शाळेत जाऊ’ एवढेच सांगा आणि तिच्यासोबत सावकाश, लांब श्वास सोडा. वर्गशिक्षिकांना आधी भेटा. पेपर हातात पडल्यावर पहिली पाच मिनिटे तिच्या बाकाजवळ उभे राहणे, किंवा पाणी प्यायला उठण्याची मोकळीक देणे, एवढ्या साध्या गोष्टींनीही पुष्कळ फरक पडतो, आणि बहुतेक शिक्षिका त्या आनंदाने करतात. चाचणीहून आल्यावर ‘किती आले?’ हा प्रश्न त्या दिवशी कोणीही विचारू नये, घरातील वडीलधाऱ्यांनीही नाही.

दुखणे चाचणीखेरीज इतर दिवशीही येऊ लागले, झोप बिघडली, खाणे कमी झाले किंवा शाळेचे नाव काढताच ती रडू लागली, तर बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घ्या. ‘टेलिमानस’ या शासकीय मदतवाहिनीवर 14416 या क्रमांकावर निःशुल्क बोलता येते. ऐरोलीहून ठाणे जवळ आहे, आणि तेथील ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था 1990 पासून या क्षेत्रात काम करत आहे. रात्री उठवणारे पोटदुखणे, ताप किंवा वजन घटणे यांपैकी काही दिसले, तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडेच जावे.

प्रश्न: माझी नात पाचवीत आहे. ‘आता पाचवीत नापास करतात’ असे शेजारच्या मुलांनी सांगितल्यापासून ती घाबरली आहे. सून आणि मुलगा दोघेही नोकरीमुळे उशिरा घरी येतात. मी तिला काय सांगू? माझे शिक्षण जुन्या सातवीपर्यंतचे आहे.
— एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर: शेजारच्या मुलांनी अर्धेच सांगितले आहे. महाराष्ट्रात 2023 मध्ये नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली, हे खरे आहे. परंतु त्या परीक्षेत एखादे मूल मागे पडले, तर शाळेने त्याला पूरक मार्गदर्शन द्यायचे असते आणि त्यानंतर पुनर्परीक्षा होते. त्यातही उत्तीर्ण न झालेले मूलच त्या वर्गात राहते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. हे तिला जसेच्या तसे सांगा. लपवलेल्या गोष्टीची भीती अधिक वाटते.

आपले शिक्षण कमी आहे, असे मनात आणू नका. तिने धडा वाचला की पुस्तक मिटून तिला तो तुम्हाला गोष्टीसारखा सांगायला लावा, आणि जेथे तुम्हाला खरोखरच कळले नाही तेथे ‘हे असे का गं?’ असे विचारा. तुम्हाला समजावून सांगताना तिची उजळणी आपोआप होईल. गणिताची शंका वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला सांगा, म्हणजे आई-वडील घरी आल्यावर तेवढीच शंका पाहतील आणि रात्रीचे जेवण सर्वांना एकत्र घेता येईल.