इकडून म्हणजे कुठून?

प्रिय सई,

काल फोनवर तू विचारलंस, "रमा नवऱ्याला नावाने हाक का मारत नाही? आणि 'इकडून' म्हणजे कुठून?" म्हणजे आजीने तुला रमाबाई रानड्यांवरची 'उंच माझा झोका' दाखवायला घेतलीय तर! २०१२ मध्ये ती मालिका लागायची तेव्हा त्या अर्ध्या तासात आजी कुणाचाही फोन घ्यायची नाही, माझासुद्धा.

पूर्वी असा समज होता की बायकोने नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. मग बायकांनी नावाला वळसा घालून बोलायची एक वेगळीच भाषा काढली. 'जेवलात का?' असं थेट विचारायचं नाही, 'इकडून जेवण झालं का?' म्हणायचं. इकडून म्हणजे समोर बसलेल्या नवऱ्याकडून. तो गावाला गेला असेल तर 'तिकडून पत्र आलं'. नाहीतर मग 'स्वारी'. मला त्यातली गंमत ही वाटते की स्वारी शब्द स्त्रीलिंगी. मोठा पगडीवाला, मिशीवाला माणूस, पण स्वारी बाहेर 'गेली' आणि दमून 'आली'!

आजीच्या आजेसासूबाईंचे यजमान गोपाळराव. त्यांनी जन्मभर गोपाळकाल्याला नुसतं 'काला' म्हटलं. शिरगणतीवाला दारात आला आणि घरधन्याचं नाव विचारलं की त्या एखाद्या पोराला पुढे ढकलायच्या, "तू सांग रे." नाव घ्यायची मुभा फक्त उखाण्यात, तीही चारचौघांनी आग्रह केल्यावर. म्हणून तर उखाणा घेण्याला 'नाव घेणं' म्हणतात.

तुला पाटीचा प्रसंग, म्हणजे शिकण्यासाठी रमाच्या हाती पाटी येते तो, आवडला म्हणालीस. तो सगळ्यांनाच आवडतो, आजी तर दर वेळी पदर डोळ्यांना लावते. पण त्याच्या आधीचं काहीतरी मला जास्त आवडतं, आणि ते खुद्द रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहिलंय. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा रमा अकरा वर्षांची, म्हणजे तुझ्याएवढी, आणि माधवराव रानडे एकतीस वर्षांचे. (हो, हे वाईटच. विधवाविवाहाची बाजू मांडणारा माणूस, पण वडिलांच्या हट्टापुढे नमला.) तर त्यांनी या मुलीला आधी विचारलं, माझं नाव तुला ठाऊक आहे का? सांग पाहू. आणि तिने माहेरी ऐकलं होतं तसं ते सांगून टाकलं! लिहिता-वाचता येतं का, हा प्रश्न त्यानंतरचा. अभ्यास त्याच रात्री सुरू झाला. पुढे घरातल्या बायकांनी त्या शिकण्यावरून तिला किती छळलं ते तुला पुढच्या भागांत दिसेलच.

राहता राहिला तुझा शेवटचा प्रश्न, मी बाबाला 'अरे' का म्हणते. कॉलेजपासूनची सवय. लग्नानंतर पहिली दोन वर्षं आजीच्या घरात पाऊल टाकलं की 'अहो' सुरू करायचे. एकदा घाईत 'अरे अहो' निघून गेलं आणि आबा चहा सांडेपर्यंत हसले.

आज रात्री जेवताना आजीला नाव घ्यायला सांग. आधी 'इश्श, या वयात' म्हणेल, सोडू नकोस. आबांना मात्र कानातलं यंत्र लावून बसव.

तुझी,
आई