वादातल्या जमिनीवरची डॉक्युमेंटरी कितपत खरी मानायची?

तुम्ही विचारलंय, अशा फिल्म एकच बाजू दाखवतात, मग त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा? बाजू घेतली म्हणून फिल्म खोटी ठरत नाही. मी आधी बघतो, कॅमेरा कुठे उभा आहे आणि कुठल्या महिन्यात. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचंच घ्या.

ड्रोनमधून नर्मदेचं खोरं रिकामं दिसतं. डोंगर, पाणी, काँक्रीट, बस्स. महाराष्ट्रातली 33 गावं या धरणाच्या बुडितात आली, सगळी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-अक्राणीकडची, मुख्यतः भिल्ल-पावरा आदिवासींची. तिथे आपल्यासारखं दाटीचं गावठाण नसतं. टेकडीवर एक घर, भोवती त्याचंच शेत, पुढचं घर हाकेच्या अंतरावर. आकाशातून हे सगळं जंगलच वाटणार. 2018 मध्ये धरणाजवळ केवडियाला सरदार पटेलांचा 182 मीटरचा पुतळा उभा राहिल्यापासून असल्या व्हिडिओंचा सुकाळ आहे.

आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची 'अ नर्मदा डायरी' (1995) बुडितातल्या मणिबेली गावात माणसांमध्ये उभी राहून बघते. ती धरणाला विरोध करणाऱ्या नर्मदा बचाव आंदोलनाच्या बाजूची आहे आणि तसं लपवतही नाही. मला हे चालतं.

खटकतं ते वेगळंच. धरणावरच्या बहुतेक फिल्मना पावसाळा हवा असतो. पाणी उंबऱ्याशी आलंय, यासारखं दृश्य नाही! पण खरा गुंता नंतरचा. तळोद्याकडे जंगलखात्याची जमीन मोकळी करून विस्थापितांसाठी सोमावल, रोझवा अशा वसाहती वसवल्या. त्या जंगलात आधीपासून कसणारे स्थानिक आदिवासी होतेच. म्हणजे एका आदिवासीच्या पुनर्वसनात दुसऱ्या आदिवासीचं शेत आलं. इथे खलनायक सापडत नाही, म्हणून कॅमेराही फारसा थांबत नाही.

शिवाय निम्मं भांडण कागदावरचं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, पण सातबारा नाही, म्हणून सरकारदरबारी ते अतिक्रमण. हे चित्रात पकडायला दिग्दर्शकाला चिकाटी लागते. तलाठ्याच्या दप्तरापर्यंत जाणारी फिल्म दिसली की माझा तिच्यावरचा भरवसा वाढतो. धरणाच्या बाजूच्या फिल्ममध्ये दिसणाऱ्या कच्छ-सौराष्ट्रातल्या हंडे वाहणाऱ्या बायाही खऱ्याच आहेत, पण कालव्याचं पाणी पुढे कोणाकडे किती गेलं हे न विचारणारी फिल्म मला जाहिरातच वाटते.

सुरुवात करायची तर पटवर्धन-धुरूंची फिल्म आणि केवडियाचा कुठलाही ड्रोन व्हिडिओ लागोपाठ बघा. मग या धरणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 18 ऑक्टोबर 2000 चा निकाल काढा. बहुमताचा वाचा, आणि न्या. भरुचांचा असहमतीचा वेगळा निकालही सोडू नका.