तिनं पतंग मुद्दाम काढला नव्हता

पत्र : मी कराडला राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. चित्रकलेत करिअर करायला परवानगी देणारा मी आमच्या नात्यातला पहिलाच बाप. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड. सध्या दोन क्लास लावलेत, शिवाय रोज दोन तास सराव मी स्वतः समोर बसून करून घेतो. एका बालमासिकाच्या मुखपृष्ठ स्पर्धेसाठी तिनं चित्र केलं. पण वरचं आभाळ रिकामंच सोडलं आणि पतंग काढायला विसरली. मी थोडं सुधारून पाठवलं. नंबर आला नाही. तेव्हापासून तिनं ब्रश हातात घेतलेला नाही. शेडिंगही कच्चं आहे. सुट्टीत कोणता क्लास लावावा?

उत्तर : कोणताही नाही. आहेत ते दोन्हीही बंद करता आले तर बघा.

तुम्ही चित्राचा फोटो जोडलात ते बरं केलंत. गच्चीच्या कठड्याला टेकलेली एक मुलगी. एका हातात फिरकी, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर, नजर थेट आपल्याकडे. मांजा सरळ वर जातो आणि कागदाच्या बाहेर निघून जातो. त्या आभाळात आता सात पक्षी, एक इंद्रधनुष्य आणि लाल पतंग आहे. पक्ष्यांचा हात वेगळा आहे, हे तुम्ही सांगितलं नसतंत तरी कळलं असतं.

मी ‘थोडं सुधारून’ या दोन शब्दांपाशीच अडकलो. गणिताच्या पेपरात तिचं उत्तर खोडून तुम्ही आपलं लिहिलं असतंत का? लेकीला डॉक्टरच करायचं म्हणून हटून बसलेले बाप माझ्याकडे रोज येतात. त्यांच्याशी भांडणं सोपं असतं. तुमच्याशी अवघड आहे. तुम्ही परवानगी दिलीत आणि आता तिचं व्याज वसूल करताय. दोन क्लास, दोन तास, समोर खुर्ची. एवढ्या लांबलचक पत्रात तिच्या तोंडचं एक वाक्य नाही. आभाळ रिकामं का ठेवलंस, एवढं तरी तिला विचारलं होतंत? नंबर आला नाही म्हणून ती रुसली, असा तुमचा समज दिसतो. मला वाटतं, नंबर आला असता तर तिची जास्त पंचाईत झाली असती. बक्षीस घ्यायला स्टेजवर कुणी जायचं?

आता तो मोठा गैरसमज. मुखपृष्ठ म्हणजे सुंदर, भरगच्च चित्र, असं तुम्ही धरून चाललात. भिंतीवरच्या चित्राला ते चालेल. मुखपृष्ठावर मासिकाचं नाव यायचं असतं, आणि देवनागरी नावाला डोक्यावर जागा लागते. ‘किशोर’ लिहून बघा : ‘कि’ची वेलांटी आणि ‘शो’ची मात्रा शिरोरेषेच्या वर जाते. ‘चांदोबा’त वर अनुस्वारही बसतो. मागे इंद्रधनुष्य असेल तर ते नाव वाचणार कोण? त्यात एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून ठेवलेले असतात, वरची चारेक बोटं पट्टी तेवढी दिसते. पोर आईचा हात धरून निघालेलं असतं, थांबायला सवड नाही. म्हणून एकच मोठी आकृती, दुरून ओळखू येणारा चेहरा, आपल्याकडे रोखलेले डोळे. आणि एखादी गोष्ट अर्धवट सोडलेली. सगळं बाहेरच कळलं तर आतलं पान कशाला उलटायचं? पतंग कुठे गेला, हाच तिच्या चित्राचा सगळा डाव होता. तुम्ही पतंग काढून दाखवलात. (खिसा मोठ्यांचा असतो, त्यांना ‘छान’ वाटावं म्हणूनच बरीच मुखपृष्ठं भरून टाकलेली असतात, हेही खरं.)

‘चांदोबा’ आठवत असेल. मूळ ‘चंदामामा’ 1947 मध्ये मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं, मराठीत 1952 पासून येऊ लागलं. चित्रकार वड्डादि पापय्यांची मुखपृष्ठं वेगवेगळ्या भाषांच्या आवृत्त्यांवर गेली. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. ते तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी सांगतोय. एका रविवारी वीसेक मुखपृष्ठं बघा आणि प्रत्येकात रिकामी जागा कुठे ठेवलीय तेवढंच शोधा.

स्पष्टच सांगतो, तिचं शेडिंग खरंच बेताचं आहे. फिरकी धरलेली बोटं केळ्यांसारखी झालीत. पण शेडिंग घोटून येतं. पतंग वगळायचं सुचणं क्लासमध्ये मिळत नाही. ही मुलगी चित्रकार होईल असं मला वाटत नाही. तिची वाट उपयोजित कलेची, म्हणजे अक्षर, चित्र आणि मांडणी एकत्र हाताळण्याची आहे. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षा अशा : राज्यातल्या बीएफएसाठी, म्हणजे कलेच्या पदवीसाठी, सीईटी कक्षाची एएसी सीईटी; आयआयटी मुंबईच्या बी. डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, यूसीड; एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी डॅट. तारखा त्या त्या संकेतस्थळावर बघा. नुसत्या बालमासिकांवर घर चालणार नाही. मासिकाला वर्षाला बारा मुखपृष्ठं, त्यात मराठी बालमासिकं उरलीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण पाठ्यपुस्तकं, प्रकाशकांची पुस्तकं, शिकवणारी ॲप्स, खेळण्यांची खोकी, बिस्किटांचे पुडे, या सगळ्यांना हीच नजर लागते.

सुट्टीत ती खुर्ची दुसऱ्या खोलीत न्या. चित्र सुधारल्याबद्दल तिची माफी मागा. कारणं न देता मागितलीत तर उत्तम. पक्षी येण्याआधीच्या चित्राचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये बहुतेक असेल. तो मला बघायचाय. पण पाठवायचा की नाही ते तिला ठरवू द्या, आणि पाठवलाच तर सोबतचं पत्रही तीच लिहील.