‘यील्ड’ म्हणजे उतारा

विट्याहून एका वाचकानं विचारलंय: चिपच्या कारखान्यातल्या ‘यील्ड’ला उत्पादन म्हणायचं की उत्पन्न? आणि चारांतली एक कोर बिघडलेली चिप तीन कोरांची म्हणून विकतात, तिला ‘सदोष चिप’ म्हटलं तर चालेल का? (कोर म्हणजे चिपमधलं स्वतंत्रपणे हिशेब करणारं केंद्र.)

पहिल्याचं उत्तर सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्यात मिळेल. उतारा! १०० किलो उसातून १२ किलो साखर निघाली की उतारा १२ टक्के. उत्पादन म्हणजे पोती किती भरली, उत्पन्न म्हणजे हातात काय पडलं. उताऱ्यात घातलं किती आणि निघालं किती, याचा हिशेब असतो. यील्डही तेच. सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीवर जेवढ्या चिप घडवल्या, त्यांतल्या चालल्या किती? धुळीचा एक कण बसला, एखाद्या थरात खोट राहिली, की त्या जागेची चिप गेली. चिप जेवढी मोठी तेवढी तिच्यात खोट सापडायची शक्यता जास्त, म्हणून उतारा कमी. सातबाऱ्याच्या उताऱ्याशी घोळ होईल म्हणाल, तर ‘यंदा एकरी उतारा किती पडला?’ असं विचारल्यावर कुणी तलाठ्याकडे धावत नाही.

‘सदोष’ मात्र मला पटत नाही. हळदीच्या सौद्याला गेलात तर हळकुंडाचा ढीग वेगळा, गड्ड्याचा वेगळा, कणीचा वेगळा. कणीला सदोष हळद कुणी म्हणत नाही. तिचा भाव वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. या कामाला ‘प्रतवारी’ हा शब्द आपल्याकडे आहेच, तोच घ्यावा. ‘डागी’चा मोह मलाही झाला होता. पण घडातला डागी मणी शेजारच्यालाही नासवतो, आणि बंद केलेला कोर बाकीच्या तिघांच्या वाटेला जात नाही. (सगळेच कोर गेले तर ते चिपाड. दोन्ही शब्दांत ‘चिप’ आली हा योगायोग.)

चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीनं २००८ साली फेनॉम एक्स३ हा प्रोसेसर आणला तो असाच, चारांतला एक कोर बंद करून. प्लेस्टेशन ३ या खेळयंत्राच्या ‘सेल’ नावाच्या प्रोसेसरवर ८ साहाय्यक कोर घडवत, चालू ठेवत ७ च. एखादा बिघडला तरी अख्खी चिप टाकायला लागू नये म्हणून. आणि खरी गोम पुढंच आहे. स्वस्त मालाला मागणी असली की धडधाकट कोरही बंद करून चिप खालच्या प्रतीत घालतात. फेनॉम २ च्या वेळी हौशी मंडळींनी मदरबोर्डच्या सेटिंगमधून चौथा कोर जागा केला. काहींचा छान चालला, काहींचा संगणक गोठला. ज्यांचा चालला, त्यांच्या चिपला सदोष कसं म्हणणार?

जाता जाता: आपण ‘एक कोर बिघडलेली’ असं लिहिलंत. चंद्राची ती कोर, प्रोसेसरचा तो कोर. निदान माझ्या कानाला तरी ‘कोर बिघडला’ हेच बरं लागतं.