कंपोझर व्हायचंय, पण पगार कुठून येणार?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी अकरावी सायन्सला आहे, लहानपणापासून पियानो शिकतेय, ग्रेडच्या परीक्षाही देतेय. मध्यंतरी चेन यी या चिनी संगीतकार बाईंची ‘बा बान’ ही पियानोरचना तिच्या ऐकण्यात आली आणि आता जेवतानाही ती बोटांवर मात्रा मोजत बसते. इंजिनिअरिंग नको, हेच शिकायचं, असा तिचा धोशा आहे. तुम्ही विचारलंय : यात पगार कुठून येतो, चीनला पाठवावं का, आणि ती थिअरीत डोकं घालून बसते त्यापेक्षा पियानोचा सराव वाढवायला नको का?

ज्या बाईंमुळे हे सुरू झालं त्यांचंच करिअर बघा, तेही वयाच्या हिशोबानं. जन्म १९५३चा, ग्वांगझोचा. आईवडील दोघेही डॉक्टर. तिसऱ्या वर्षी व्हायोलिन हातात आलं. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत पाश्चात्त्य संगीत वाजवणं धोक्याचं झालं, तेव्हा व्हायोलिनला म्यूट (आवाज दाबणारा चिमटा) लावून आणि पियानोच्या आत हातोड्यांपुढे ब्लँकेट कोंबून घरात सराव चालायचा. मग दोन वर्षं खेड्यात सक्तीची मजुरी. सतराव्या वर्षी ग्वांगझोच्या बीजिंग ऑपेरा (चिनी संगीतनाटकाचा एक प्रकार) मंडळीत त्या कॉन्सर्टमास्टर, म्हणजे वाद्यवृंदातल्या मुख्य व्हायोलिनवादक, झाल्या. बीजिंगच्या सेंट्रल कन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, प्रवेश मिळाला १९७८मध्ये, वय पंचवीस. १९८६ला मास्टर्स, संगीतरचनेत ही पदवी मिळवणारी चीनमधली ती पहिली स्त्री. त्याच वर्षी त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या. डॉक्टरेट १९९३ला, म्हणजे चाळिशीला. कॅन्सस सिटीच्या मिसुरी विद्यापीठात प्राध्यापकी १९९८ला.

(ही हकिगत मुलीला ‘बघ, तिनं किती हाल काढले’ अशा सुरात सांगू नका. शेतावर राबून कोणी कंपोझर होत नाही. त्या पिढीतल्या कितीतरी जणांचं वाद्य त्या वर्षांत कायमचं सुटलं.)

तुमच्या मुलीला इतकी वाट बघावी लागेलच असं नाही, कारण मधली वर्षं त्यांच्याकडून देशानंच काढून घेतली होती. तरी या क्षेत्रात पक्का पगार तिशीच्या आधी सहसा सुरू होत नाही, आणि तो बहुधा शिकवण्याचा असतो. वाद्यवृंद नवी रचना लिहून मागतात, तिचे पैसे देतात, पण त्यावर घर चालवणारे थोडेच. चेन यींना २००१मध्ये ‘चार्ल्स आइव्ह्ज लिव्हिंग’ हा सन्मान मिळाला : तीन वर्षं, दरसाल ७५,००० डॉलर. अट काय, तर त्या काळात पगाराची नोकरी करायची नाही, फक्त लिहायचं. इतक्या नावाजलेल्या कंपोझरला नुसतं लिहिता यावं म्हणून असा वेगळा निधी लागतो, यातच तुमचं उत्तर आलं.

म्हणूनच थिअरीवरून तिला टोकू नका. विद्यापीठात कंपोझरला नोकरी मिळते ती बरेचदा हे विषय शिकवता येतात म्हणून. चीनमध्ये तर रचनेच्या विद्यार्थ्याला चार विषय चुकत नाहीत : हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ), काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटींची गुंफण), रचनेचा आकारबंध आणि ऑर्केस्ट्रेशन (वाद्यवृंदासाठी लिहिणं). शिवाय लोकगीतं. तिथले कितीतरी नामवंत रचनाकार संगीताची थिअरी मांडणारेही आहेत. शांघायच्या झाओ श्याओशेंग यांनी ‘यी जिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातल्या ६४ आकृत्यांवरून स्वरसमूहांची स्वतःची पद्धत बसवली आणि १९८७मध्ये तिच्याच आधारे ‘ताय ची’ ही पियानोरचना लिहिली.

आणि ती जेवताना काय मोजते, ते सांगते. ‘बा बान’ हे मुळात एका जुन्या चिनी धुनेचं नाव. आठ ओळी, ओळीला आठ मात्रा, म्हणजे ६४ व्हायला हव्यात. पण पाचव्या ओळीत चार जास्तीच्या येतात आणि बेरीज ६८ होते. आठाचेही तुकडे कुठे ३+२+३, कुठे ५+३. चेन यींनी ही मोजणी उचलून तिच्यावर अगदी आधुनिक सुरावट उभी केली. अकरावीतल्या मुलीला हे स्वतः मोजून बघावंसं वाटतं, हे मला तिच्या ग्रेडच्या मार्कांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

चीनचं म्हणाल तर पदवीसाठी नको, असं माझं मत. शांघायची कन्झर्व्हेटरी १९२७पासूनची, दर्जाबद्दल प्रश्नच नाही. पण तिथे चिनीतून शिकायचं, आणि हार्मनीसोबत भाषेशीही झटापट म्हणजे पहिली दोन वर्षं त्यातच जायची. तिला खरंच ओढ असेल तर आत्तापासून चिनी शिकू दे, मास्टर्सला विचार करू. आपल्याकडे पाश्चात्त्य पद्धतीच्या रचनेची पदवी देणाऱ्या जागा मोजक्याच, तेव्हा बाहेर अर्ज करावे लागतील. शिष्यवृत्ती मिळाली तरच जा. पगार उशिरा सुरू होणाऱ्या शिक्षणासाठी घर गहाण ठेवून कर्ज काढायला मी कुणालाच सांगत नाही.

अर्जासोबत तीन-चार रचना लागतात, स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) नीट लिहिलेल्या. त्या माणसांकडून वाजवून घ्या. संगणक काहीही वाजवून दाखवतो. तिनं फ्लूटला न थांबता वाजवायचे सलग वीस बार (मात्रांचे गट) लिहून दिले, तर समोरचा वादक ‘श्वास कुठे घेऊ?’ असं विचारणारच. ते उत्तर शोधताना ती जे शिकेल ते सॉफ्टवेअर शिकवणार नाही. पुढच्या मेपर्यंत अशी निदान एक रचना झाली तर मला पाठवा. झाली नाही, नुसती बोलणीच राहिली, तर तेही कळवा; मग इंजिनिअरिंगबद्दल बोलू.

सायन्स मात्र आत्ता सोडायला लावू नका, ध्वनीशी संबंधित दुसऱ्या वाटांना गणित-फिजिक्स लागतं. बोर्डाच्या आधी दोन महिने लिहिणं बंद ठेवलं तरी चालेल. स्वर ओळखण्याचा कानाचा अभ्यास तेवढा रोज वीस मिनिटं चालू ठेवायला सांगा, बहुतेक ठिकाणी प्रवेशपरीक्षेत तोही तपासतात.